संगणकाची राखण आणि आपली पेढी

दिवाळीच्या सुमारास विक्रेते दुकानी येतात आणि एकच अँटीव्हायरस पेढीस, घरास व मोबाइलासही पुरेल, असे सांगून जातात. हे आम्हांस मान्य नाही. तुरीच्या डाळीस एरंडेल चोळतात, रव्यास चोळीत नाहीत. इतके जाणणाऱ्या व्यापाऱ्याने येथेही आधी माल पाहावा.

घरच्या विंडोज ११ च्या संगणकात मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर मुळातच असतो. तो चालू ठेवून सुधारणा वेळेवर घेतल्यास मुलांच्या अभ्यासाकरिता निराळा खर्च करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. मोबाइलावर लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली ‘एपीके’ फाईल न उघडणे, हे विकतच्या अँटीव्हायरसाहून अधिक मोलाचे.

पेढीचे तसे नाही. रविवार पेठेतील दुकानात टॅली, जीएसटी, ई-वे बिले आणि खेड्यापाड्यांतील उधारी एकाच यंत्रात असते. शिवाय पेनड्राइव्ह करसल्लागाराकडे जाऊन-येऊन असतो. तेथे सर्व यंत्रांवर एका जागेवरून नजर ठेवणारा, व्यवसायासाठीचाच अँटीव्हायरस पैसे मोजून घ्यावा. पुण्याच्या क्विक हीलचा ‘सेक्राइट’ या जातीचा आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कैलास काटकर यांनी १९९३ साली हा उद्योग उभा केला आणि बंधू संजय यांनी अँटीव्हायरस रचला. याचा अभिमान जरूर असावा. खरेदी मात्र अभिमानापोटी करू नये. बिघाड झाल्यास बेळगावात माणूस येईल काय, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा दर काय पडेल, टॅली मंदावते काय, हे चाचणीच्या मुदतीतच पाहून घ्यावे.

जुन्या यंत्रांविषयी मात्र आमचे मत कठोर आहे. विंडोज ७ च्या सर्वसाधारण दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या, विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न घेतलेली यंत्रे सापडली. विंडोज ७ वर हिशेब ठेवायचाच असेल, तर ते यंत्र इंटरनेटपासून तोडावे. आणि चोरीची विंडोज बसविण्यासाठी अँटीव्हायरस बंद करणारे आमचे काही बंधू तर दार उखडून पहारेकरी नेमतात!

वहीची प्रत रोज सायंकाळी वेगळ्या डिस्कवर घ्यावी व डिस्क लगेच काढून तिजोरीत ठेवावी. जोडलेली राहिली, तर खंडणीखोर तिलाही कुलूप घालतो.