रस्त्याकडेची जमीन कोणाची?

श्रावण सरता सरता नेसरी-गडहिंग्लज परिसरातील रस्त्यांच्या कडा फुलू लागतात. टाकळा पिवळा होतो, तेरडा गुलाबी होतो, कुर्डूचे तुरे डोलू लागतात. ही फुले कोणी लावलेली नसतात आणि म्हणूनच ती कोणाच्या हिशेबात नसतात. हिशेबात असते ते 'सुशोभीकरण'! कडा खरवडायच्या, तणनाशक मारायचे आणि दुभाजकात बोगनवेल लावायची. कंत्राटदाराचे देयक निघते; मधमाशी मात्र उपाशी राहते.

ऊसदर, पाणी आणि महागाई यांच्या लढ्यात गुंतलेल्या कार्यकर्त्याला हा विषय क्षुल्लक वाटेल. आम्हांला तो तसा वाटत नाही. जगातील प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिके परागीभवनासाठी कमीअधिक प्रमाणात कीटकादी प्राण्यांवर अवलंबून आहेत, असे जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरशासकीय मंचाने 2016 साली सांगितले. आपल्याकडचा कारळा, काकडी, दोडका, भोपळा आणि आजरा-चंदगडचा काजू त्यांतलेच. उसाला माशीची गरज नाही आणि उसाच्या फडात माशीलाही मकरंद नाही. ऊस बांधाला भिडला, पुढे बांधही नांगराखाली गेला, तेव्हा रस्त्याकडेची पट्टी हेच माशीचे गायरान उरले. गायराने कशी गिळली जातात, हे या भागातील भूमिहीनांना कोणी शिकवायला नको.

आपल्याच जिल्ह्यातील पाटगावला 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला; त्याआधी 2022 साली महाबळेश्वरजवळच्या मांघरला तो मिळाला होता. परंतु सातेरी माशी पेटीपासून साधारणतः एक-दीड किलोमीटरच्या आतच चरते. पेट्या वाटायच्या आणि चारा नष्ट करायचा, हे कसले नियोजन? ब्रिटनने 1930 नंतरच्या अर्धशतकात आपली 97 टक्के फुलकुरणे गमावली. आता तेथे रस्त्याकडेचे गवत उशिरा कापून त्यांतील थोडी तरी परत मिळवण्याची धडपड चालू आहे. गमावल्यानंतर शहाणे होण्याचा हा महागडा मार्ग आपण का पत्करावा?

पैसा नाही, ही सबब चालणार नाही. केंद्राच्या 2015 च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाच्या 1 टक्का रक्कम लागवड व देखभालीसाठी ठेवण्याची तरतूद झाली. प्रश्न रकमेचा नसून ती कोणाच्या हाती जाते, हा आहे. हे काम बाहेरच्या कंत्राटदाराऐवजी गावच्या मजूर स्त्रियांना रीतसर मजुरीवर द्यावे. गवत दिवाळीनंतर, बी झडल्यावर कापावे. ते जनावरांच्या चाऱ्याला यावे. तणनाशक पूर्ण बंद असावे. मात्र वाढेल ते सारेच राखणे म्हणजे निसर्गप्रेम नव्हे. गाजरगवत फुलण्यापूर्वी उपटलेच पाहिजे. पन्नासच्या दशकात अमेरिकी गव्हाबरोबर आले असे मानले जाणारे हे तण लोकांनी 'काँग्रेस गवत' म्हणून ओळखले, हा लोकविनोद सार्थच होता!

वळणावर समोरचे वाहन दिसत नाही, गवतात साप असतात, हे आक्षेप खरे आहेत. म्हणून वळणे, चौक, शाळा व वस्तीलगतच्या कडा नियमित कापाव्यात. फुलांची जागा डांबराला लागून नव्हे, तर चरापलीकडे असावी. एवढा विवेक ग्रामसभा निश्चितच दाखवू शकते; तिला विचारले मात्र पाहिजे.

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्यापुढे फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही त्रिसूत्री ठेवली. त्यांपैकी फावडे आपण अलीकडे विसरलो आहोत. नेसरीच्या साथींनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा आणि पाऊस पडण्यापूर्वी रस्त्याच्या एका तरी तुकड्यावर देशी फुलांचे बी स्वतःच्या हाताने पेरावे. रस्त्याची कड ही सार्वजनिक जमीन आहे. ती जनतेने राखली नाही, तर तिच्यावर कंत्राटदाराचे राज्य चालूच राहील.