पियानोच्या बोटांना गिटारची ओळख

लग्नाआधी पियानो शिकलेल्या मैत्रिणींनो, आरे कॉलनीतल्या छोट्या क्वार्टरमध्ये पियानो ठेवणार कुठे? पण म्हणून सुरांशी कट्टी कशाला? गिटार कोपऱ्यातही मावते.

तुमची बोटं पुन्हा बालवर्गात बसणार, कान मात्र मॅट्रिक झालेला आहे! तारा लावताना तोच उपयोगी पडतो. जाड तारेपासून क्रम ई, ए, डी, जी, बी, ई. प्रत्येक तारेच्या पाचव्या पडद्यावर पुढच्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो. फक्त जीवरून बी लावताना चौथा पडदा दाबायचा.

गोंधळ होतो तो पुढेच. पियानोत एक सूर एकाच पट्टीवर. इथे तोच अनेक जागी. मधला सी बी तारेच्या पहिल्या पडद्यावर आहे, तसाच जी तारेच्या पाचव्यावरही. शिवाय पुस्तकातला १ आकडा पियानोत अंगठ्याचा, गिटारमध्ये डाव्या तर्जनीचा!

सुरुवात ई मायनर कॉर्डने करा. ए आणि डी तारा दुसऱ्या पडद्यावर दाबा, बाकी चार मोकळ्या. डाव्या हाताची नखं आधी कापा. बोटांची टोकं दुखतील. नायलॉनच्या तारांची गिटार घेतलीत तर जरा कमी. रोज पंधरा मिनिटं पुरेत, पण ती घरात सर्वांना सांगून आपली अशी राखून ठेवा.

आणि हो, आरेच्या झाडीत पावसाळा फार दमट. ओल्या भिंतीला गिटार टेकवू नका. वाजवून झाली की कोरड्या फडक्याने पुसून खोळीत ठेवा.