फोन हातात, नाटक वाऱ्यावर

पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात तिसरी घंटा होते, फोन बंद ठेवण्याची विनंती होते, पडदा उघडतो आणि थोड्याच वेळात पुढच्या रांगेत निळसर उजेड पेटतो. रंगमंचावर नटी आवाज खाली आणून, जवळजवळ कुजबुजत बोलत असते. पुढचे गृहस्थ मात्र कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो दोन बोटांनी मोठे करून बघतात, शेजारणीला दाखवतात. नटी थांबते. ती शांतता दिग्दर्शकाने बसवलेली, तिने तालमीत घोटलेली. नेमकी तीच फुटते: ‘हां बोल, नाटकात आहे!’

तुम्ही नाटकात नाही आहात. तुम्ही फक्त खुर्ची अडवून बसला आहात.

याला ‘लक्ष विचलित होणं’ असं गोंडस नाव देऊ नका. हा उद्धटपणा आहे. समोर एक जिवंत माणूस तुमच्यासाठी घाम गाळतोय आणि तुम्ही त्याच्या तोंडावर दार लावताय. सिनेमातल्या नटाला तुमचा फोन ऐकू येत नाही, नाटकातल्या नटाला येतो. 2019 मध्ये ‘अश्रूंची झाली फुले’च्या प्रयोगात वाजणाऱ्या फोनना वैतागून अभिनेते सुबोध भावे यांनी नाटकात काम न करण्याची भाषा केली. त्याच वर्षी नाशिकला अभिनेते सुमीत राघवन यांनी याच कारणाने चालू प्रयोग थांबवला. त्यावर ‘एवढं काय झालं?’ म्हणणारे मला भेटले. यांच्या पोराच्या शाळेतल्या भाषणात कुणाचा फोन वाजला असता, तर यांनीच आकांडतांडव केलं असतं.

मग मोबाइलचं नेटवर्क तोडणाऱ्या जॅमरची मागणी होते. जॅमर लावायला केंद्राची परवानगी लागते, प्रेक्षकांत डॉक्टरही असतात आणि मुख्य म्हणजे जॅमरने स्क्रीनचा उजेड विझत नाही. साखरपुड्याचे फोटो नेटवर्कशिवायही दिसतात.

‘दिवसभर दमतो हो, तेवढाच विरंगुळा,’ हे आणखी एक कारण. सीएसएमटीहून पनवेलची लोकल सव्वा तासाहून जास्त घेते, हे मला ठाऊक आहे. त्या गर्दीत फोनमध्ये डोकं खुपसा, कोण अडवतंय? पण जिथे पैसे मोजून, तयार होऊन, मुद्दाम येता, तिथेही दोन-अडीच तास टिकता येत नसेल, तर ‘वर्तमानात जगा’ सांगणाऱ्या शिबिरांना जाऊन श्वास मोजण्यात काय अर्थ आहे? लक्ष देणं हे आधी समोरच्याचं देणं असतं, तुमची मनःशांती नंतर.

आणि फोन बाजूला ठेवणं जमत नाही असं सांगू नका. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022च्या स्वातंत्र्यदिनापासून हे करून दाखवलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल बंद होतात, दीड तास मुलं अभ्यासाला बसतात. तिथे जॅमर नाही. गावाने मिळून ठरवलं, एवढंच. आपल्याकडे महापालिका आहे, नाट्यगृह आहे, शिकलेसवरलेले प्रेक्षक आहेत. ठरवायला मात्र कुणी तयार नाही.

म्हणून नाट्यगृह चालवणाऱ्यांना माझी मागणी आहे: नुसती विनंती पुरे झाली. घंटेनंतर ज्याचा स्क्रीन पेटेल, त्याला बाहेर काढा, तिकीट कितीचंही असो. नटांनो, फोन वाजला की बेधडक थांबा. आम्ही टाळ्या वाजवू. आणि प्रेक्षकहो, फोनशिवाय बसवत नसेल तर तिकीट दुसऱ्या कुणाला तरी द्या.