डेमो देताना आधी आवाज सारखा करा

माझ्या काउंटरवर दोन हेडफोन कायम डेमोला लटकवलेले असतात. एक सोनीचा एमडीआर-७५०६, दुसरा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स. सोनीचा १९९१ सालापासून बाजारात आहे, दुसरा २०१४ चा. दोन्ही बंद कपाचे, दोन्ही वायरवाले. यातला "भारी कुठला" हे मी गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत मला हवं तसं पटवून देऊ शकतो. आणि हीच आपल्या धंद्यातली खरी अडचण आहे.

युक्ती साधी आहे. जो विकायचाय त्याचा आवाज थोडा वाढवायचा. बस. आवाज मोठा झाला की आपल्या कानाला बास जास्त भरल्यासारखा वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. पण गिऱ्हाईक "आवाज मोठा आहे" म्हणत नाही, "क्वालिटी आहे" म्हणतं. आणि हे मुद्दाम नाही केलं तरी होतंच, कारण कंपनीच्या कागदावर सोनीची सेन्सिटिव्हिटी १०६ डेसिबल आहे, ऑडिओ-टेक्निकाची ९९. एकाच मोबाईलला, एकाच व्हॉल्यूमवर लावले तर माझ्या कानाला सोनीचा मोठा वाजतो.

मी स्वतः यात माती खाल्लीये. रेसिपीचं चॅनल चालवणाऱ्या एक ताई आल्या होत्या. एडिटिंगसाठी हेडफोन हवा होता. मला एम५०एक्समध्ये मार्जिन जास्त सुटत होतं, लपवत नाही. तो जोरात लावला, ढोलकी ऐकवली, थाप छातीत बसली, बिल फाडलं. महिन्याभरात ताई परत. "दादा, लोक म्हणतात माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. मला तर हेडफोनवर छान ऐकू येतंय."

छान ऐकू येणारच ना! त्या हेडफोनचा बास मुळात पुढे. त्यात ताईंना स्वतःचा आवाज जड वाटला, म्हणून त्यांनी एडिट करताना खालचा भाग कापत नेला. बघणाऱ्यांच्या मोबाईलच्या स्पीकरवर उरला फक्त वरचा किरकिरा भाग. मी त्यांचंच रेकॉर्डिंग दोन्ही हेडफोनवर सारख्या आवाजात लावलं. सोनीवर दहा सेकंदांत त्यांनीच चूक पकडली. जुना परत घेतला, डेमो पीस म्हणून घाट्यात काढला.

आवाज सारखा कसा करायचा? मी तानपुऱ्याचं अ‍ॅप लावतो, सूर एकसारखा चालू राहतो. कपाच्या तोंडाशी दुसऱ्या फोनवरचं डेसिबल मीटर धरायचं, दोघांचा आकडा जुळवायचा, व्हॉल्यूमच्या खुणा कागदावर लिहून ठेवायच्या. प्रयोगशाळेचं काम नाही हे, पण काउंटरपुरतं चालतं. मग गिऱ्हाइकाला त्याच्या ओळखीचा आवाज ऐकवायचा. स्वतःचं रेकॉर्डिंग असेल तर उत्तम.

असं ऐकलं की माझं मत असं: बोलण्याचं एडिटिंग असेल तर सोनी. "स", "श" टोचतात, "चमचा" म्हटलं तरी च कानात जातो, मागचा पंखाही लगेच कळतो. दिवसभर गाणी ऐकायला मात्र मी तो घेणार नाही, कान थकतो. तिथे एम५०एक्स, तबल्याचा बाया त्यावर मस्त भरतो. वायरचं म्हणाल तर त्याच्या तीन वायरी बदलता येतात. सोनीची गुंडाळीची वायर आतच जोडलेली, तुटली की सोल्डरिंग. सोनीच्या पॅडची वरची साल पण निघते, हे विकतानाच सांगून टाका.

आता तुम्ही म्हणाल, समोरचा दुकानदार जोरात वाजवून विकतो, मग आपणच का साधूपणा करायचा? बरोबर आहे. परवाच एक मुलगा आला, लग्नाचे व्हिडिओ करतो. दोन्ही सारख्या आवाजात ऐकले, वीस मिनिटं घेतली, माझा चहा प्यायला आणि "उद्या सांगतो" म्हणून गेला. अजून आलेला नाही. त्याच्या खुणांचा कागद मी फाडलेला नाही.