सहलीची तारीख पंचांगात बघा

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून सहलीची चर्चा सुरू होते. मुंबई-पुण्याकडच्या शाळांचं अलिबाग ठरलेलं असतं. तारीख कशी ठरते? बस कधी मोकळी आहे, घटक चाचणी कधी संपते, शनिवार-रविवार जोडून येतो का. समुद्राला मात्र कुणी विचारत नाही!

आमचंही तसंच झालं होतं. सातवीचा वर्ग घेऊन बारा वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो, तेव्हा पूर्ण भरती होती. कुलाबा किल्ला समोर पाण्यात. मुलांनी तो लांबून पाहिला, घोडागाडीत बसली, बर्फाचा गोळा खाल्ला, काहींनी मोटारबोटीमागच्या फुग्यावर बसायचा हट्ट केला. परत आल्यावर निबंधाला विषय दिला 'आमची सहल'. चाळीसपैकी बहुतेकांनी बसमधल्या गाण्यांवर लिहिलं. चूक मुलांची नव्हती. त्यांनी पाहिलंच काय होतं?

तिथल्याच एका कोळी काकांनी मला विचारलं, "मास्तर, तिथी बघून नाय आलात?" मला ओशाळल्यासारखं झालं.

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब असा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा वाजता. त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी. चंद्र रोज पाऊण ते एक तास उशिरा उगवतो आणि भरतीही तशीच पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. आपल्या आजोबांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. आपण ती सोडून दिली. सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण घालून बघा, मुलं फळ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. वेळ अर्थात ढोबळ असते. छापील भरती-ओहोटीच्या वेळांशी आणि तिथल्या माणसाशी ताडून बघायचीच.

आता अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी येते, म्हणजे सहलीला सोयीची, असं वाटेल. पण ते भांगाचे दिवस, पाणी फारसं ओसरत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप आत जातं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. म्हणून मला सगळ्यांत योग्य वाटते ती द्वितीया किंवा तृतीया. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी आठ-सव्वाआठला. त्यासाठी आदल्या रात्री मुक्काम करावा लागतो, खर्च वाढतो, हे मान्य. पण एका दिवसात तीन ठिकाणं 'करण्यापेक्षा' एकच ठिकाण नीट बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही तसं केलं. सकाळी सातला किल्ल्याकडे चालत निघालो. ओल्या वाळूवर जिथे तिथे बारीक गोळ्यांची नक्षी होती. एका मुलीने विचारलं, या कुणी ठेवल्या? सगळे उकिडवे बसलो. पाच मिनिटं कुणी हललं नाही, तेव्हा बोटाच्या नखाएवढे खेकडे बिळातून वर आले. वाळू तोंडात घालून त्यातलं खाणं काढून घेत होते आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकत होते. चाळीस मुलं पाच मिनिटं गप्प! वर्गात मला हे कधी जमलं नाही. पुढे खडकांना चिकटलेली कालवं होती. मग एक शंख चालायला लागला. आत खेकडा होता, दुसऱ्याच्या टाकलेल्या घरात राहणारा. हे पाहिल्यावर मुलांनी खिशातले शंख आपणहून परत ठेवले, मला सांगावं लागलं नाही. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर बघून तर प्रश्नांचा भडिमार झाला. पाणी परत चढायच्या आत आम्ही किनाऱ्यावर होतो.

आता अवघड मुद्दा. १ फेब्रुवारी २०१६ ला याच रायगड जिल्ह्यात, मुरूडच्या समुद्रात, सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर नियम कडक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण बऱ्याच शाळांनी समुद्रच यादीतून काढून टाकला. आमच्या वरिष्ठांनीही मला विचारलं, "जबाबदारी कोण घेणार?" प्रश्न चुकीचा नाही. मीही बाप आहे. पण हीच मुलं अठराव्या वर्षी मित्रांबरोबर समुद्रावर जाणारच आहेत, आपल्याला न विचारता. पाणी चढतंय की उतरतंय हे त्या वेळी त्यांना ओळखता यायला नको का? ते आपण शिकवायचं नाही तर कुणी?

म्हणून आमच्या अटी पक्क्या आहेत. आंघोळ नाही, बोट नाही. दहा मुलांमागे एक शिक्षक आणि सोबत तिथला एक जाणता माणूस. ओहोटीची वेळ झाली की मुलं कितीही रमलेली असोत, परतीला लागायचं. लेखी परवानगी आधी, बसचं आरक्षण नंतर. मुलांच्या चपला चिखलाने भरतील, कपडे खराब होतील; पालकांनी त्याची तक्रार करू नये, ही हात जोडून विनंती.

यंदा त्रेचाळीस संमतीपत्रं वाटली, एकतीस परत आली. उरलेल्या बारा पालकांना शनिवारी शाळेत बोलावलं आहे. पंचांग आणि खडू घेऊन बसणार आहे. आधी पाऊणकी, मग त्यांचे प्रश्न.