माणसांपेक्षा जनावरे बरी?

‘माणसांपेक्षा जनावरे बरी’ हा उद्गार अलीकडे चिकित्सालयात वारंवार कानी पडतो. मुले परदेशी असलेली वृद्धा, भाऊबंदकीने गांजलेला शेतकरी, निवृत्तीनंतर एकाकी पडलेला अधिकारी, यांपैकी कोणीही तो काढतो आणि आपण हसून नाडीकडे वळतो. माझ्या मते हा उद्गार रुग्णवृत्ताचा भाग आहे. तो नोंदवून घेतला पाहिजे आणि तो कितपत खरा आहे याचाही विचार केला पाहिजे.

त्यात तथ्य आहे यात शंका नाही. मुके जनावर जुना हिशेब काढीत नाही, धन्याची पत पाहत नाही. शिवाय गाईची धार, कुत्र्याचे फिरणे, शेळ्यांचा पाला यांच्या वेळा ठरलेल्या असतात. जनावराची वेळ चुकत नाही, म्हणून त्याच्या धन्याचीही दिनचर्या सहसा चुकत नाही. अमेरिकेत १९८० साली एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी ९२ हृद्रोग्यांचा वर्षभराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले, तर नसलेल्या ३९ जणांपैकी ११. संख्या लहान आहे आणि केवळ यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आपल्या शास्त्रालाही हे सान्निध्य अपरिचित नव्हते. राजयक्ष्म्यात शेळीचे दूध, तूप व मांस यांबरोबरच शेळ्यांच्या कळपात राहणे-निजणे हाही उपचार ग्रंथकारांनी सांगितला. (क्षय जनावरांपासून माणसास आणि माणसापासून जनावरांस होऊ शकतो हे आज ज्ञात असल्याने तो उपचार शब्दशः आचरण्याचा नव्हे, हे सुज्ञांस सांगणे न लगे.) मुंगी-किड्यांकडेही आत्मवत् पाहावे, असे वाग्भट सद्वृत्तात सांगतात. वनस्पतींची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी जाणतात, हे चरकांनी मोकळेपणाने मान्य केले. परंतु नाव-रूपाच्या ज्ञानाने भागत नाही, योजनेचे ज्ञान हवे, असेही लगेच बजावले. कळपामागे हिंडताना मिळालेले ज्ञान माणसांच्या उपयोगी पडले, तेव्हाच त्याचे औषध झाले.

येथेच मूळ प्रश्नाचे उत्तर दडले आहे. चरकांनी सुखायु आणि हितायु असा भेद केला आहे. शरीर-मन निरोगी, सामर्थ्य व साधने अनुकूल, ते सुखायु. सर्व भूतांचे हित चिंतणाऱ्याचे, विचारपूर्वक व संयमाने वागणाऱ्याचे, ते हितायु. जनावरांच्या संगतीत सुखायूचा पुष्कळ अंश लाभू शकेल. मात्र माणसांना कंटाळून तेथे गेलेल्याचे आयुष्य हितायु ठरत नाही, कारण ‘सर्व भूतां’तून त्याने मनुष्यच वगळलेला असतो. एकट्यानेच सुखी होऊ नये, असे त्याच सद्वृत्तात सांगितले आहे, ते उगाच नव्हे.

हेमलकशाचे उदाहरण या दृष्टीने पाहावे. बिबटे आणि अस्वले यांच्या सहवासात वावरणारे डॉ. प्रकाश आमटे सर्वांना छायाचित्रांतून परिचित आहेत. तथापि भामरागडच्या अरण्यात १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तो माडिया गोंडांच्या सेवेसाठी. प्राण्यांचे अनाथालय नंतर आले. शिकारीत मारल्या गेलेल्या माकडिणीचे पिल्लू मागून घेतले, तेथून त्याचा आरंभ झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी या दांपत्यास २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही माडियांमधील कार्यासाठी. माणसांना टाळण्यासाठी तेथे कोणी गेले नव्हते. माणसांच्या सेवेत मुरलेली करुणाच पुढे प्राण्यांपर्यंत पोहोचली.

व्यवहारात याचा अर्थ काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली दिलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा जणांपैकी एक जण एकाकीपणाने ग्रस्त आहे. असा रुग्ण आपल्यापुढे येतो तेव्हा ‘घरी कोण कोण असते?’ या प्रश्नाच्या उत्तरात गाय, कुत्रा, मांजर यांचीही नोंद करावी. तमकश्वासाच्या रुग्णास ‘मांजर आजच काढा’ असे फर्मावण्यापूर्वी ते हेतू आहे काय याची खात्री करावी. ते असल्यास निदानपरिवर्जन टळत नाही, पण त्या वृद्धेचा एकमेव सोबती आपण हिरावतो आहोत याचे भान ठेवून दुसऱ्या सोबतीचा विचार त्याच बैठकीत करावा. गुरे विकावी लागलेल्या शेतकऱ्याचा शोक हाही शोकच आहे. तो अनिद्रा आणि अग्निमांद्य यांच्या मुळाशी असू शकतो.

औषधालयचालकांचे कर्तव्य अधिक तातडीचे आहे. ‘घरचेच कुत्रे चावले, लावायला काहीतरी द्या’ म्हणणाऱ्यास लेप वा तेल देऊन वाटेला लावू नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायला सांगून तत्काळ रेबीज प्रतिबंधक लसीसाठी रुग्णालयात धाडावे. अलर्काची लक्षणे प्रकट झाल्यावर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. प्राण्यांवरील प्रेमाने ही सावधगिरी सुटता कामा नये.

जनावरे माणसांपेक्षा बरी वाटतात, हा बहुधा जनावरांचा गौरव नसून माणसांविरुद्धची तक्रार असते. ती ऐकून घेणारा निदान एक माणूस रुग्णास वैद्याच्या रूपाने भेटावा, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.