गाडीवर विश्वास, माणसावर नाही!

कारंज्यातून गाडी काढायची ती थेट लंडनला थांबवायची, हा आमच्या मित्रमंडळींचा दर दिवाळीचा विषय. पेट्रोल, घाट, पंक्चर... सगळ्यावर चर्चा होते, व्हिसा सोडून.

आता गंमत बघा. गाडीसाठी 'कार्ने' नावाची वही मिळते, मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून. मुदत एक वर्ष. इराणच्या हद्दीवर त्यावर शिक्का बसला की गाडी आत. ती परत बाहेर नेली नाही, तर जकात तारणातून वसूल!

चालवणाऱ्याला मात्र बहुतेक देशांचा वेगवेगळा व्हिसा. त्यात शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी घेत नाहीत, आणि साधारणपणे तो राहत्या देशातूनच करावा लागतो. मग आठ महिने रमतगमत युरोपच्या दारात पोचणाऱ्याने काय करायचं? गाडी वाटेत ठेवून विमानाने मुंबई गाठायची?

माझं म्हणणं एवढंच, की तारण घेऊन गाडीवर विश्वास ठेवता येतो, तर माणसावर का नाही? मुदतीत बाहेर पडलो की पैसे परत. यात पैसेवाल्यांचीच सोय होईल म्हणाल, तर बँक स्टेटमेंट आजही मागतातच की!

असो. तोवर मंडळी, नकाशाआधी कॅलेंडर उघडा. शेंगेनमध्ये 180 दिवसांत 90 दिवसच मिळतात.